अरोमॅटिककडून फ्लेककडे: पाइप ओढणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हॅनिला, चेरी, कॅरमेल अशा वासाच्या, म्हणजे अरोमॅटिक, मिश्रणांवर पाइप शिकलेला माणूस फ्लेककडे वळला की तीन तक्रारी हमखास येतात: पेटत नाही, चव लागत नाही, जीभ पोळते. बहुतेक वेळा फ्लेकचा काही दोष नसतो. तो ओला असताना भरलेला असतो आणि अरोमॅटिकच्या वेगाने ओढलेला असतो. खालची उत्तरे याच दोन गोष्टींभोवती फिरतात.

हे पान आधीपासून पाइप ओढणाऱ्या प्रौढांसाठी आहे. जो ओढत नाही त्याने फ्लेकसाठी सुरुवात करू नये. आरोग्याचा प्रश्न खाली वेगळा घेतला आहे, तो गाळून पुढे जाऊ नका.

फ्लेक म्हणजे नेमके काय?

तंबाखूची पाने ओलसर करून, गरजेप्रमाणे साखरेचे किंवा इतर चवीचे पाणी देऊन, एकावर एक रचतात आणि दाबयंत्रात घालतात. उष्णता आणि दाब यांनी त्यांची घट्ट, एकसंध वडी होते. ती पट्ट्यांत कापतात आणि पट्टीचे साधारण एक ते दोन मिलिमीटर जाडीचे काप काढतात. हे काप म्हणजे फ्लेक. दाबाखाली पाने एकमेकांत मुरतात, तीक्ष्णपणा उतरतो, रंग गडद होतो.

याच कुळातले इतर प्रकारही दुकानात दिसतील. वडी न कापता ठोकळाच विकला तर तो प्लग. पाने पिळून दोर केला तर रोप किंवा ट्विस्ट. त्या दोराचे आडवे काप काढले तर कॉइन. एस्कुडो या ब्रँडचा डबा उघडला की अळूवडीच्या न तळलेल्या कापांसारखी वेटोळी दिसतात ती हीच. फ्लेक कारखान्यातच मोकळा करून भरला तर रेडी रब्ड, आणि अर्धवट तुटलेला असेल तर ब्रोकन फ्लेक. डब्यावर ‘नेव्ही’ लिहिले आहे म्हणजे त्यात रम असेलच असे धरून चालू नका. प्रत्येक कंपनी तो शब्द आपल्या पद्धतीने वापरते.

अरोमॅटिकपेक्षा तो इतका वेगळा का लागतो?

अरोमॅटिकमध्ये बहुधा बर्ली हा तंबाखूचा प्रकार आणि काळे कॅव्हेंडिश, म्हणजे वाफवून काळा केलेला तंबाखू, असतो. बर्लीच्या पानात साखर जवळजवळ नसते, पण ते द्रव छान शोषून घेते, म्हणून त्यावर चव चढवणे सोपे जाते. शेवटी टॉपिंग म्हणजे वरून सुगंध मारतात. ओलावा टिकावा म्हणून पुष्कळदा प्रॉपिलीन ग्लायकॉलही घालतात. त्यामुळे अरोमॅटिक कितीही वेळ उघडे ठेवले तरी पूर्ण कोरडे होत नाही. पाकिटातून काढायचे आणि भरायचे, ही सवय तिथूनच लागते.

फ्लेकचा कणा बहुधा व्हर्जिनिया हा प्रकार असतो. ही पाने बंद कोठीत गरम हवेवर आठवडाभराच्या आत वाळवतात, त्यामुळे पानातली नैसर्गिक साखर टिकते. तिची चव गवत, लिंबू, ताजा पाव, सुका मेवा, गूळ अशा अंगाने जाते, पण ती हळू उलगडते. अरोमॅटिक पहिल्या झुरक्याला सगळे सांगून टाकते. व्हर्जिनिया फ्लेक पाइपचा पहिला एक तृतीयांश भाग ओढून झाल्यावर कुठे खुलायला लागतो.

आणखी एक फरक घरातल्यांना कळतो. अरोमॅटिकचा वास खोलीत इतरांना आवडतो, फ्लेकचा सहसा नाही. व्हॅनिलाच्या वासाला हरकत न घेणारे घर फ्लेकला घेईल, आणि त्यांचे बरोबर असेल. धूर कोणत्याही वासाचा असो, शेजारी बसलेल्यांना तो अपायकारकच. गच्ची किंवा मोकळे अंगण बरे.

पहिला फ्लेक कोणता घ्यावा?

गोडाची सवय असलेल्या जिभेला एकदम कोऱ्या व्हर्जिनियावर नेऊ नका. मध्ये पूल हवा, आणि असे पूल आहेत.

पीटरसनचा युनिव्हर्सिटी फ्लेक हा व्हर्जिनिया आणि बर्लीचा, वर हलका फळांचा वास असलेला. अरोमॅटिकमधून येणाऱ्याला तो ओळखीचा वाटतो. एरिनमोर फ्लेकचा फळांसारखा वास त्याहून ठसठशीत. ऑर्लिक गोल्डन स्लाइस्ड डेन्मार्कचा, उजळ व्हर्जिनियाचा आणि लिंबूवर्गीय अंगाचा. काप पातळ आणि एकसारखे असल्याने भरायला शिकण्यासाठी तो फार सोयीचा. कॅपस्टनचे निळा आणि सोनेरी असे दोन डबे मिळतात. सोनेरी सौम्य, निळा भरीव. मूळ नाव ब्रिस्टलच्या विल्स कंपनीचे, पुढे ते डेन्मार्कच्या मॅक बॅरनने बनवायला घेतले.

आमचा सल्ला विचाराल तर ऑर्लिक किंवा सोनेरी कॅपस्टन, 50 ग्रॅमचा एकच डबा. तो निम्मा संपेपर्यंत दुसरा उघडू नका. एकाच वेळी पाच डबे उघडणाऱ्याला पाचांपैकी एकाचीही ओळख होत नाही, कारण प्रत्येक वेळी ओलावा, भरणे आणि चव या तिन्ही गोष्टी बदलतात आणि काय चुकले ते कळत नाही.

पुढची पायरी केंडलची. इंग्लंडच्या कंब्रियातल्या या गावात सॅम्युएल गॉविथ 1792 पासूनचे घराणे. त्यांचा फुल व्हर्जिनिया फ्लेक गडद, सुक्या फळांच्या गोडीचा. बेस्ट ब्राउन फ्लेक त्याहून हलका. वरचा सुगंध जवळजवळ नसताना नुसते पान किती गोड लागू शकते ते इथे कळते. पण हे दोन्ही डब्यातून फार ओले निघतात, म्हणून ते पहिल्या खरेदीत नकोत.

मॅक बॅरनचा नेव्ही फ्लेक पुष्कळ दुकानदार नवख्यांना सुचवतात. चव चांगली आहे, पण घाईने ओढला तर जिभेला चावतो अशी या घराण्याच्या तंबाखूची ख्याती आहे. वेग ताब्यात आल्यावर घ्या. 2024 मध्ये स्कॅन्डिनेव्हियन टोबॅको ग्रुपने मॅक बॅरन विकत घेतली. अशा उलाढालीनंतर कंपन्यांच्या यादीत फेरफार होतात, तेव्हा एखादा डबा मनात भरला असेल तर तो अजून बनतो आहे ना हे दुकानात विचारा.

डबा उघडल्यावर फ्लेक इतका ओला का असतो? किती वाळवायचा?

कापताना पाने तुटू नयेत म्हणून वडी ओलसर ठेवावी लागते आणि बंद डब्यात तो ओलावा तसाच राहतो. ओढण्यासाठी तंबाखूत वजनाच्या साधारण 12 ते 14 टक्के पाणी असलेले बरे. डब्यातून निघताना ते पुष्कळदा 18 टक्क्यांच्या वर असते. हे जादा पाणी पाइपमध्ये वाफ होते. वाफ जीभ पोळते, चव बुडवते, निखारा विझवते आणि नळीत जाऊन गुळगुळ करते. चारही तक्रारींचे कारण एकच.

करायचे असे: एका वेळेपुरता तंबाखू, म्हणजे 2 ते 2.5 ग्रॅम, काढा. दागिने तोलायचा छोटा डिजिटल काटा असेल तर सुरुवातीला वजन करा, कारण फ्लेकचा आकार डब्यागणिक वेगळा असतो आणि ‘एक फ्लेक’ हे माप फसवते. तो साध्या कागदावर पसरा. वर्तमानपत्र नको, शाईचा वास लागतो. चोळून मोकळा केलेला तंबाखू कोरड्या हवेत अर्ध्या ते एक तासात तयार होतो. न चोळलेल्या सबंध कापाला दोन तास लागतात. गॉविथच्या ओल्या फ्लेकला तीन तास लागले तरी नवल नाही.

घड्याळापेक्षा बोटांवर विश्वास ठेवा. चिमूट दाबा. गोळा होऊन तशीच राहिली तर ओला आहे. दाबली आणि सोडल्यावर हळूहळू उलगडली तर तयार आहे. कुरकुरून भुगा झाला तर जास्त वाळला. ओठाला लावून गार लागतो का तेही पाहा. गार लागला तर आत अजून पाणी आहे.

मायक्रोवेव्ह आणि गरम तवा टाळा. कडा करपतात, आतला भाग ओलाच राहतो आणि सुवास खोलीत उडून जातो.

कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्यात तो वाळतच नाही. मग?

बरोबर आहे, वाळणार नाही. हवेची आर्द्रता 85 टक्क्यांवर असताना उघडा ठेवलेला तंबाखू उलट सादळतो. जुलैत खिडकीपाशी ठेवलेला काप संध्याकाळी सकाळपेक्षा ओला असेल.

वातानुकूलित खोली असेल तर तिथे मोकळा करून तासभर ठेवा, कारण एसी हवेतले पाणी काढून घेतो. नसेल तर टेबललॅम्पच्या पिवळ्या बल्बखाली एक वीतभर अंतरावर 20 मिनिटे ठेवा, मध्ये एकदा हलवा. एलईडी दिव्याचा उपयोग नाही, त्यात पुरेशी ऊब नसते. सगळ्यांत निश्चित उपाय म्हणजे आर्द्रता राखणाऱ्या तयार पुड्या. 58 किंवा 62 टक्क्यांची एक पुडी घट्ट झाकणाच्या छोट्या डब्यात ठेवा आणि आठवड्याला लागेल तेवढा फ्लेक त्यात टाका. दोन-तीन दिवसांत तो बरोबर होतो आणि बाहेर पाऊस असो की ऊन, तसाच राहतो.

विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये नेमकी उलटी गत. तिथे मोकळा केलेला तंबाखू दहा-पंधरा मिनिटांत कोरडा पडू शकतो, म्हणून समोर बसूनच वाळवा. जास्त वाळलेला तंबाखू तिखट आणि फिका लागतो, भराभर जळतो. त्याला परत आणायचे तर बरणीत ठेवून शेजारी, त्याला न टेकेल असा, शुद्ध पाण्याने ओलावलेला कापसाचा बोळा काही तास ठेवा. बटाट्याची किंवा सफरचंदाची फोड टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. बुरशी धरण्याचा तो खात्रीचा मार्ग आहे.

घडी घालून भरायचा की चोळून?

दोन्ही बरोबर. सुरुवात चोळण्यापासून करा.

चोळून भरताना काप तळहातावर घ्या, दुसऱ्या हाताच्या बोटांनी गोल गोल चोळा म्हणजे तंतू सुटतील. भुगा करायचा नाही. तंतू सुटसुटीत दिसू लागले की थांबा. मग वाळवा, आणि तीन चिमटींत भरा. पहिली चिमूट नुसती पडू द्या, दुसरी हलकी दाबा, तिसरी थोडी जास्त. ओढून पाहा. हवा किंचित अडखळत पण सलग आली पाहिजे. ओढायला जोर लागत असेल तर पूर्ण रिकामा करून पुन्हा भरा. घट्ट भरलेला पाइप टोचून मोकळा होतो असे वाटते, पण पाच मिनिटांनी परत अडतो.

घडी घालून भरणे पुढचे. काप वाळवून घ्या, लांबीत अर्धा दुमडा, पुन्हा एकदा दुमडा. बोटांत हलका पिळा म्हणजे थर किंचित सैल होतील. तंतू उभे राहतील असा तो पाइपमध्ये सोडा. दाबून बसवू नका. तंबाखू तापल्यावर फुगतो, त्याला जागा हवी, म्हणून घडी पाइपच्या भांड्याच्या, म्हणजे तंबाखू भरायच्या खोलगट भागाच्या, तोंडापेक्षा बारीक दिसली तरी चालते. काठापासून दोन-तीन मिलिमीटर खाली थांबा आणि वर कापाचा थोडा चुरा पसरा, तो पेटवणीचे काम करतो. असा पाइप हळू जळतो, गार राहतो, पण दोन-तीनदा जास्त विझतो.

तिसरी रीत कमी लोक वापरतात पण ती फार चांगली आहे. कात्रीने कापाचे तीन-चार मिलिमीटरचे चौकोनी तुकडे करायचे, पाइपमध्ये ओतायचे, पाइपला बाहेरून बोटाने टकटक करायचे. दाबायचे मुळीच नाही. जाड काप आणि प्लग यांना ही रीत विशेष मानवते.

त्यासाठी वेगळा पाइप लागतो का?

आकारासाठी नाही, वासासाठी हो. साधारण 19 मिलिमीटर व्यासाचे आणि 35 ते 40 मिलिमीटर खोल भांडे फ्लेकला उत्तम. फार रुंद भांड्यात निखारा पसरतो आणि घाई होते.

वासाचे म्हणाल तर पाइप ज्याचे बनतात ते ब्रायरचे लाकूड आणि आतला कोळशाचा थर जुन्या तंबाखूची आठवण धरून ठेवतात. दोन वर्षे चेरी ओढलेल्या पाइपमध्ये फुल व्हर्जिनिया फ्लेक घातला तर चेरीच लागेल, आणि तुम्ही म्हणाल फ्लेकला चव नाही. स्वस्तातला उपाय मक्याच्या कणसाचा पाइप. अमेरिकेतल्या मिसुरीतली मिसुरी मीरशॉम कंपनी 1869 पासून हे पाइप बनवते. नवा घ्या, त्यात फक्त फ्लेक ओढा.

जुना ब्रायरच वापरायचा असेल तर कोळशाचा थर एक-दीड मिलिमीटरपेक्षा जाड असल्यास तेवढा खरवडा. मग भांड्यात कापूस भरा, त्यावर ड्रॉपरने उच्च टक्केवारीचे शुद्ध अल्कोहोल भिजेपर्यंत सोडा, पाइप उभा करून रात्रभर ठेवा. सकाळी कापूस तपकिरी झालेला दिसेल. पुसून दोन दिवस पूर्ण वाळू द्या. अल्कोहोल बाहेरच्या पॉलिशवर सांडू देऊ नका. ओला पाइप पेटवणे तर सर्वस्वी टाळा.

पेटवायचा कसा? आणि तो सारखा विझतो त्याचे काय?

काडी पेटवल्यावर गुल जळून जाऊ द्या, मग पाइपवर धरा, नाहीतर गंधकाचा वास पहिल्या झुरक्यात येतो. ज्योत गोल फिरवत पूर्ण पृष्ठभाग काळा करा. तंबाखू फुगून वर येईल. तो विझू द्या. टॅम्परच्या, म्हणजे तंबाखू दाबायच्या दांडीच्या, वजनानेच हलके सपाट करा. आता दुसऱ्यांदा पेटवा. फ्लेकला पुष्कळदा तिसरी काडीही लागते. जेट लायटर वापरू नका, त्याची धग तंबाखूबरोबर पाइपचा काठही जाळते.

विझणे हा दोष नाही. एका भांड्याला चार-पाच काड्या लागणे फ्लेकमध्ये नेहमीचे. तो विझू नये म्हणून भराभर ओढणे हाच खरा दोष, कारण त्याने सगळे तापते आणि साखर जळून कडवट होते. दर दोन मिनिटांनी विझत असेल तर मात्र कारण शोधा: ओलावा किंवा घट्ट भरणे. टॅम्परने दाबण्याचाही अतिरेक होतो. राखेचा थर निखाऱ्याला टेकेल इतकेच दाबायचे.

जीभ पोळते. काय करू?

आधी दोन दिवस पाइप बाजूला ठेवा, सोलवटलेल्या जिभेला काहीच कळत नाही. मग तंबाखू आणखी 20 मिनिटे जास्त वाळवून पाहा. मग वेग. झुरका म्हणण्यापेक्षा घोट म्हणावा इतका तो हलका असावा. नाकाने नेहमीचा श्वास चालू ठेवून तोंडाने मिनिटाला दोन-तीन वेळा अगदी थोडे ओढायचे. पाइपचे भांडे गालाला लावा. धरवत नसेल तर खाली ठेवा आणि विझू द्या. 2 ग्रॅमचा पाइप 20 मिनिटांत संपला तर वेग दुप्पट होता असे समजा. 45 मिनिटे ते तास लागायला हवा. सोबत पाणी किंवा बिनसाखरेचा चहा ठेवा.

हे सगळे करूनही एखादा उजळ व्हर्जिनिया चावत राहिला तर तो तुमच्या जिभेचा नाही. गडद, मुरलेला घ्या, किंवा बर्लीकडे वळा. सोलानीचा एज्ड बर्ली फ्लेक कोकोसारख्या अंगाचा आहे आणि साखर कमी असल्यामुळे जिभेला मवाळ लागतो.

चवच लागत नाही, नुसता गरम धूर येतो.

पहिल्या चार-सहा पाइपांना असेच होते. टॉपिंगच्या ठळक वासाला सरावलेले नाक बारीक चव टिपायला वेळ घेते. आठवडाभर अरोमॅटिक पूर्ण बंद ठेवा, दोन्ही आलटून पालटून ओढू नका.

दुसरे, चवीचा मोठा भाग नाकात कळतो. धूर छातीत न घेता तोंडात धरा आणि त्यातला अगदी थोडा नाकावाटे हळू बाहेर सोडा. पहिल्यांदा झिणझिण्या येतील, पण पाव, गवत, मनुका यांतला फरक इथेच उमगतो. तिसरे, जेवणानंतर अर्ध्या तासाने ओढा. तिखट रश्श्यानंतर लगेच ओढलेला व्हर्जिनिया कोणालाच लागत नाही.

पाइप गुळगुळतो.

नळीत पाणी साचले आहे. पाइप क्लीनर नळीतून आत घाला, टेकला की थोडे थांबा, काढा. गरम पाइपची नळी उपसू नका, जोड सैल होतो किंवा तुटतो. तळाशी उरलेला ओलसर, कडवट तंबाखू ओढून संपवण्याचा हट्ट नको. टाकून द्या. पाइपला एक दिवस विश्रांती द्या. रोज ओढणाऱ्याकडे दोन-तीन पाइप हवेत.

घेरी आली, उचकी लागली, मळमळले. हे काय?

निकोटिन जास्त झाले. धूर गिळला नाही तरी तोंडाच्या अस्तरातून ते शोषले जाते, आणि बर्ली किंवा गडद पानांचा धूर अल्कलीकडे झुकणारा असल्याने अधिक सहज. उचकी ही पहिली खूण आहे. गार घाम, लाळ सुटणे, मळमळ त्यापुढे. लगेच थांबा, बसा, पाणी प्या, साखर किंवा काही गोड खा. साधारण अर्ध्या-एक तासात उतरते. उलट्या थांबत नसतील, छातीत धडधड किंवा श्वासाचा त्रास असेल तर डॉक्टरांकडे जा.

उपाशीपोटी फ्लेक ओढू नका. सॅम्युएल गॉविथचा 1792 फ्लेक, पीटरसनचा आयरिश फ्लेक, गॉविथ हॉगर्थचा डार्क फ्लेक हे तिघे अनुभवी माणसालाही जड जातात. अरोमॅटिकनंतरच्या पहिल्या वर्षात त्यांची गरज नाही.

पेरिक, केंटकी यांची वेळ कधी?

कोरा व्हर्जिनिया आवडू लागल्यावर. पेरिक हा तंबाखू अमेरिकेतल्या लुइझियानातल्या सेंट जेम्स पॅरिश भागात होतो. पाने व्हिस्कीच्या जुन्या पिंपांत स्क्रूच्या दाबाखाली साधारण वर्षभर आंबवतात, मध्ये बाहेर काढून हवा देतात आणि पुन्हा दाबतात. चव मिरीची, आंबवलेल्या फळांची. व्हर्जिनियाच्या गोडीला तो धार देतो आणि म्हणून ही जोडी फ्लेकमध्ये फार गाजली. पीटर स्टोकबीचा लक्झरी नेव्ही फ्लेक हलक्या हाताचा, एस्कुडो मध्यम, गॉविथचा सेंट जेम्स फ्लेक भरीव. याच क्रमाने घ्या. नाकावाटे धूर सोडताना पेरिक झोंबतो, तेव्हा बेताने.

केंटकी हा लाकडाच्या धुरावर वाळवलेला, जोरकस तंबाखू. मॅक बॅरनचा ओल्ड डार्क फायर्ड हे त्याचे चांगले उदाहरण.

एका फ्लेकला साबणाचा, अत्तराचा वास येतो. खराब झाला का?

नाही. गॉविथ हॉगर्थच्या एनरडेलसारख्या काही फ्लेकांत फुलांचा सुगंध असतो. हा केंडलच्या आसपासच्या लेकलँड भागाचा जुना ढंग. काहींना तो पहिल्या डब्यात आवडतो, काहींना कधीच नाही. मात्र त्याचा वास पाइपमध्ये अरोमॅटिकपेक्षाही चिवट बसतो, म्हणून त्याला स्वतंत्र पाइप द्या.

साठवण कशी करावी? मुरवला तर सुधारतो का?

अरोमॅटिक ठेवून सुधारत नाही, सुगंध उडतो. व्हर्जिनिया मात्र सुधारतो, कारण पानातली साखर आणि बंद डब्यातली थोडी हवा यांच्या जोरावर मंद बदल वर्षानुवर्षे चालतो. सहा महिन्यांत फरक जाणवतो, पाच वर्षांत स्पष्ट होतो.

रबरी कडेच्या धातूच्या झाकणाची काचेची नवी बरणी घ्या. लोणच्याची वापरलेली नको, मोहरी-हिंगाचा वास रबरातून जात नाही. चिनी मातीच्या बरणीचे झाकण हवाबंद नसते, तीही नको. उकळत्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करा, फ्लेक अलगद भरा, तारीख लिहून अंधाऱ्या कपाटात ठेवा. फ्रिजमध्ये नको. मोठी बरणी पुन्हा पुन्हा उघडण्यापेक्षा 50-50 ग्रॅमच्या छोट्या बरण्या करा. आपल्या किनारपट्टीवर उघडलेला डबा झाकण लावून तसाच ठेवणे सर्वांत धोक्याचे. जूनच्या आधी सगळे बरणीत गेले पाहिजे.

फ्लेकवर पांढरे डाग दिसतात. बुरशी की साखर?

भिंगाखाली चमकणारे बारीक कण असतील, कापाला चिकटून सपाट बसलेले असतील आणि वास गोडसर असेल तर ते स्फटिक. ओढायला हरकत नाही. लोकरीसारखे तंतू, करडा-हिरवा रंग, कुबट वास यांपैकी काहीही असेल तर बुरशी. तेवढा भाग कापून उरलेला वापरू नका. अख्खा डबा टाका.

पाइप सिगारेटपेक्षा सुरक्षित आहे ना?

नाही. धूर छातीत न घेतल्याने फुप्फुसांवरचा भार कमी असू शकतो, पण तोंड, घसा, अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा आणि हृदयविकाराचा धोका आहेच. ‘नैसर्गिक’ किंवा ‘टॉपिंग नसलेला’ फ्लेक या बाबतीत अरोमॅटिकपेक्षा वेगळा नाही. रोजचे पाइप जितके कमी तितके बरे, आणि सोडणे सर्वांत बरे. तोंडात तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला तर दंतवैद्याला दाखवा. भारतात तंबाखू सोडण्यासाठी 1800-11-2356 ही मोफत मदतवाहिनी आहे.

आपल्याकडच्या तंबाखूचा घरी फ्लेक करता येईल का?

निपाणी भागातला तंबाखू बिडीचा, तो उन्हात वाळवलेला आणि तीव्र. त्याचा व्हर्जिनियासारखा गोड फ्लेक होणार नाही. गरम हवेवर वाळवलेला व्हर्जिनिया आंध्र प्रदेश आणि कर्नाटकात पिकतो, आणि टोबॅको बोर्डाचे मुख्यालय गुंटूरला आहे, पण तो माल लिलावातून मोठ्या खरेदीदारांकडे जातो. घरी करण्यासारखे एवढेच: हाताशी असलेला मोकळा व्हर्जिनिया घट्ट दाबून बरणीत भरा आणि महिनाभर विसरा. तुकडे फ्लेकसारखे निघतात आणि चव बरीच एकजीव होते.

भारतात विकत घेताना आणि परदेशातून आणताना काय पाहायचे?

विक्रीसाठी आयात केलेल्या डब्यावर दोन्ही मुख्य बाजूंच्या 85 टक्के भागावर भारतीय सचित्र इशारा हवा. तो नसेल तर माल नियमबाह्य मार्गाने आला आहे, आणि तो कुठल्या गोदामात किती तापला याची कोणी हमी देणार नाही. 18 वर्षांखालील कोणाला विकणे आणि सार्वजनिक ठिकाणी ओढणे दोन्ही गुन्हे आहेत.

परदेशातून येताना सामानात 125 ग्रॅमपर्यंत तंबाखू शुल्काशिवाय आणता येतो, पण त्याऐवजी सिगारेटी किंवा सिगार आणत असाल तर ती मर्यादा एकत्रच धरली जाते. म्हणजे 50 ग्रॅमचे दोन डबे निर्धास्त बसतात, तिसरा आणला तर तो जाहीर करून शुल्क भरा. निघण्यापूर्वी कस्टम्सच्या संकेतस्थळावर चालू नियम पाहून घ्या. डबे सीलबंदच आणा. विमानात दाब कमी झाल्यावर एखाद्याचे झाकण सुटते, म्हणून प्रत्येक डब्याभोवती रबरबँड घालून तो झिप लावायच्या पिशवीत ठेवा.